पंगतीतली वेदी

प्रभुभोजनाबद्दलचा आपल्यापर्यंत आलेला सगळ्यात जुना मजकूर म्हणजे एक तक्रार आहे.

इसवी सन 53 ते 55च्या सुमारास प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. चारपैकी एकही शुभवर्तमान तेव्हा लिहून झालेलं नव्हतं. येशूनं शेवटच्या रात्री भाकर मोडली, प्याला पुढे केला, ही हकीकत पहिल्यांदा वाचायला मिळते ती या पत्रात, आणि तीही पौलाच्या रागाच्या ओघात. करिंथमध्ये लोक भोजनाला जमत आणि ज्याचं त्यानं आणलेलं आधीच खाऊन टाकत. एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र. पौल म्हणतो, तुम्ही जे करता ते प्रभूचं भोजन नव्हेच.

उशिरा येऊन उपाशी कोण राहत असेल? ज्यांच्या वेळेवर दुसऱ्याची मालकी होती ते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. पंक्तिभेद आपल्या ओळखीचा आहे. पंगतीत कुणाला कुठे बसवलं, कुणाला आधी वाढलं, कुणाला उरलेलं मिळालं, यावरून समाजाचं सगळं शास्त्र वाचता येतं. पौलानं करिंथचं शास्त्र तसंच वाचलं.

पुढे तो लिहितो, की शरीर न ओळखता जो खातो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. कुठलं शरीर? भाकरीतलं, की शेजारी बसलेलं? भाष्यकारांचं अजून एकमत नाही. मला वाटतं, पौलाला हा प्रश्नच कळला नसता.

यज्ञाशिवायचा धर्म ही त्या काळात जवळजवळ अशक्य गोष्ट. इ.स. 70मध्ये यरुशलेमचं मंदिर जळालं आणि तिथले बळी थांबले. बाकीच्या रोमन साम्राज्यात मात्र प्रत्येक चौकात वेदी होती, धूर होता, बळीचं मांस बाजारात विकायला येत होतं. अशा जगात ख्रिस्ती लोकांकडे मंदिर नाही, मूर्ती नाही, वेदी नाही. शेजारी त्यांना नास्तिक म्हणत. बाहेरून पाहणाऱ्याचा निष्कर्ष चुकीचा असेल, पण निरीक्षण बरोबर होतं.

स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकात फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना सहज म्हणून जातो, की विधवा ही देवाची वेदी आहे. वेदीवर काय ठेवतात? अर्पण. मंडळीचं अर्पण कुठे जात होतं? विधवांच्या पोटात. पॉलिकार्पचं विधान आपण रूपक म्हणून वाचतो. त्याच्या मंडळीचा हिशेब ठेवणाऱ्याला ते तसं वाटलं नसणार.

हिशेबावरून आठवलं. इ.स. 251च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा पसारा मोजून दाखवतो: वडील म्हणजे धर्मगुरू 46, डीकन म्हणजे मंडळीचे सेवक 7, आणि मंडळीच्या जिवावर जेवणाऱ्या विधवा आणि गरजू दीड हजारांच्या वर. छळाच्या काळात इतकी तोंडं पोसणारी संस्था. सात डीकनांची काय धांदल उडत असेल!

प्लिनी हा सभ्य माणूस. सभ्य माणसानं केलेल्या छळाची कागदपत्रं उत्तम राहतात.

इ.स. 112च्या आसपास बिथिनियाचा हा सुभेदार सम्राट ट्राजनला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? त्यानं चौकशी केलेली आहे. मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींना त्यानं यातनाही दिल्या. हाती काय लागलं? हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात. पुन्हा जमतात ते जेवायला, आणि जेवण साधंच, निरुपद्रवी. प्लिनीनं संघटनांवर बंदी घातल्यावर तेही सोडल्याचं त्यांनी सांगितलं.

‘साधंच जेवण’ हे सुभेदाराला मुद्दाम लिहावं लागलं, याचा अर्थ जेवण साधं नसल्याच्या अफवा त्याच्यापर्यंत पोचल्या असणार. आणि बंदी का? याच ट्राजनानं निकोमेडियात दीडशे माणसांचं अग्निशामक पथकसुद्धा उभं करू दिलं नाही; चार माणसं एकत्र आली की त्यांचा गट होतो, गटाचं राजकारण होतं, असं त्याचं म्हणणं. आगीपेक्षा एकत्र येण्याची भीती मोठी. सम्राटाला धर्मशास्त्र कळत नसेल, पंगत कळत होती.

त्या दोन दासींची नावं प्लिनीनं लिहिलेली नाहीत.

जस्टिन हा तत्त्वज्ञ. स्टोइक, पायथागोरियन, प्लेटोनिक अशा सगळ्या दारांत उभा राहून शेवटी ख्रिस्ती झाला, तरी तत्त्वज्ञाचा अंगरखा त्यानं उतरवला नाही. इ.स. 155च्या सुमारास त्यानं सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून आपल्या लोकांची कैफियत मांडली, आणि त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन घातलं. का? लपवण्यासारखं काही नाही हे दाखवण्यासाठी. पडद्याआड होणाऱ्या गोष्टीचं पहिलं सविस्तर वर्णन अशा रीतीनं सरकारी वाचकासाठी लिहिलं गेलं.

शहरातले आणि खेड्यांतले एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, वेळ असेल तितके. हे ‘वेळ असेल तितके’ मला फार आवडतं. रविवार तेव्हा कामाचा दिवस होता. सुट्टी मिळायला कॉन्स्टंटाइनच्या 321च्या हुकमाची वाट पाहायची होती. वाचन झालं की अध्यक्ष चार शब्द सांगतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर येते, द्राक्षारस आणि पाणी येतं. अध्यक्ष आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो, म्हणजे ठरलेला मंत्र नाही, तोंडपाठ पोथी नाही. लोक ‘आमेन’ म्हणतात. हा शब्द हिब्रू आहे, हेही तो सम्राटाला समजावून सांगतो. मग डीकन वाटप करतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे वाटा घेऊन जातात.

इथे थांबता आलं असतं. जस्टिन थांबत नाही. ज्यांना परवडतं ते इच्छेनुसार देतात, जमलेलं अध्यक्षाकडे ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले, परगावचे अशांची सोय पाहतो. भाकर, प्याला, वाटा, वर्गणी, कैदी: सगळं एका दमात. कुठल्या वाक्याशी उपासना संपली आणि समाजसेवा सुरू झाली, ते शोधून सापडत नाही.

हीच भाकर साधी भाकर नाही, येशूचं मांस आणि रक्त आहे अशी आमची शिकवण आहे, असंही जस्टिन त्याच कैफियतीत सांगतो. तेव्हा सुरुवातीला हे नुसतं मैत्रीचं जेवण होतं, गूढ नंतर कुणी घुसडलं, असं म्हणणाऱ्यांनी जस्टिन नीट वाचावा. गूढ होतंच. मात्र पोटापासून वेगळं काढलेलं नव्हतं.

अंत्युखियाचा इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला साखळदंडात रोमकडे नेला जात होता, श्वापदांच्या तोंडी दिला जाण्यासाठी. वाटेत त्यानं पत्रं लिहिली. इफिसकरांना लिहिताना तो मोडलेल्या भाकरीला अमरत्वाचं औषध म्हणतो. रोमकरांना लिहिताना स्वतःला गहू म्हणतो, जो जनावरांच्या दातांनी दळला जाऊन शुद्ध भाकर होईल. मरायला निघालेल्या माणसाच्या भाषेत उपमा आणि वस्तुस्थिती यांच्यातली भिंत पातळ होते.

पण त्याचं सगळ्यात भेदक लिखाण स्मुर्णाच्या पत्रात आहे. ख्रिस्ताला खरं शरीर नव्हतं, नुसता भास होता, असं म्हणणारे काहीजण तिथे होते. इग्नेशियस त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, एकीला लागून दुसरी. त्यांना विधवेची, अनाथाची, बंदिवानाची, भुकेल्याची फिकीर नाही. आणि ते प्रभुभोजनापासून दूर राहतात, कारण ते ख्रिस्ताचं मांस आहे हे त्यांना मान्य नाही.

आजचा वाचक इथे अडखळतो. ख्रिस्ताचं शरीर आणि गल्लीतली विधवा यांचा संबंध काय? इग्नेशियसला तो सांगण्याची गरज वाटत नाही. ज्याला देवाचं शरीर खोटं वाटतं, त्याला माणसाचं शरीर खरं का वाटावं? मग भूकही भासच.

पाखंड ओळखायची ही कसोटी पुढच्या शतकांनी वापरात ठेवली नाही. वापरली असती तर पाखंड्यांची यादी वेगळी झाली असती.

आयरेनियस लहानपणी पॉलिकार्पच्या पायाशी बसलेला, पुढे गॉलमधल्या लियॉनचा बिशप. त्याचे विरोधक म्हणत, हे जड जग कुठल्यातरी हलक्या दर्जाच्या देवानं घडवलेलं, आत्म्यानं त्यातून सुटायचं. इ.स. 180च्या सुमारास आयरेनियसनं त्यांना दिलेलं उत्तर शेतकऱ्याला पटण्यासारखं आहे. गहू मातीतून येतो, द्राक्ष वेलीवर येतं. हे सगळं टाकाऊ असेल तर खऱ्या देवापुढे तुम्ही दुसऱ्याचा माल अर्पण का करता? आणि ज्या देहाचं पोषण प्रभूच्या शरीरानं होतं तो देह कायमचा मातीमोल कसा होईल? एकतर मत बदला, नाहीतर अर्पण थांबवा.

सिद्धांत आधी आणि उपासना त्याला धरून, असं आपण समजतो. आयरेनियस उलट दिशेनं चालतो. पंगत ठरलेली आहे. मतानं तिच्याशी जुळवून घ्यावं.

लियॉनमध्येच इ.स. 177मध्ये मोठा छळ झाला. ख्रिस्ती लोक मुलं खातात, असा आरोप. मांस, रक्त, गुप्त जेवण एवढ्या भांडवलावर अफवेला आणखी काय लागतं? बिब्लिस नावाच्या बाईनं भीतीपोटी आधी धर्म नाकारला होता. तिला पुन्हा यातना दिल्या, आपल्याच लोकांवर आळ घ्यावा म्हणून. त्या वेदनेतच तिला जाग आली आणि तिनं विचारलं, जे लोक जनावराचंही रक्त खाऊ शकत नाहीत, ते मुलं कशी खातील? धर्मशास्त्राचं एकही पुस्तक तिच्या नावावर नाही. पण प्रभुभोजनाच्या बचावात यापेक्षा नेमका युक्तिवाद कुणी केलेला माझ्या वाचनात नाही. जाता जाता एक गोष्टही कळते: त्या मंडळीत रक्त वर्ज्य होतं, प्रेषितांच्या काळचा तो नियम अजून पाळला जात होता.

रोजच्या जगण्यात श्रद्धा किती अवघड असते, ते कार्थेजकर छान सांगतात. तिथल्या टर्टुलियन या लेखकाच्या काळी पवित्र भाकर घरी नेऊन ठेवत, रोज सकाळी काही खाण्याआधी थोडी घेत. नवरा ख्रिस्ती नसला तर? टर्टुलियन बायकांना विचारतो: सगळ्याआधी तू गुपचूप काय तोंडात टाकतेस, हे त्याला कळणार नाही का? आणि भाकर आहे असं कळलं, तरी ती अफवांमधली ‘ती’ भाकर नाही यावर तो विश्वास ठेवेल? संसाराचा एवढा बारकावा एरवी त्याच्या कडक लेखणीत सापडत नाही.

पुढे कार्थेजचाच बिशप झालेल्या सिप्रियनला वेगळीच डोकेदुखी. काही ठिकाणी प्याल्यात नुसतं पाणी ओतत. कारण सांगायचं तर सकाळी-सकाळी तोंडाला द्राक्षारसाचा वास आला की लोक ओळखतात, हा ख्रिस्ती. सिप्रियन चिडतो. ख्रिस्ताच्या रक्ताचा वास लपवणारा उद्या त्याच्यासाठी रक्त काय सांडणार? आणि पाणी हे लोक, द्राक्षारस हा ख्रिस्त. दोन्ही मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. नुसता द्राक्षारस म्हणजे लोकांशिवाय ख्रिस्त, नुसतं पाणी म्हणजे ख्रिस्ताशिवाय लोक.

याच सिप्रियननं एका श्रीमंत बाईला झापलेलं आहे. तू प्रभुभोजनाला रिकाम्या हातानं येतेस आणि गरिबानं आणलेल्या अर्पणातला वाटा खाऊन जातेस. करिंथ इथेही आहे, फक्त या खेपेला श्रीमंत जेवण आणतच नाही.

इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात 2005मध्ये एक जुनी फरशी सापडली. उत्खननात तिथले कैदीही राबले. उत्खनन करणाऱ्यांच्या मते ती इ.स. 230च्या सुमाराची, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या सगळ्यात जुन्या जागांपैकी एक. रंगीत खड्यांची नक्षी, मध्ये दोन मासे, ग्रीक लेख. एका लेखात गायानस नावाच्या रोमन शतपतीनं पदरच्या पैशानं फरशी घातल्याची नोंद आहे, आणि ब्रुटियसनं ती बसवल्याची. कारागिराचं नाव कोरलेलं पाहून बरं वाटलं. दुसऱ्या लेखात अकेप्टूस या बाईनं येशू ख्रिस्त या देवाला स्मरण म्हणून मेज अर्पण केल्याचं लिहिलं आहे. आणखी एका लेखात चार बायकांची नावं आहेत, त्यांची आठवण ठेवा एवढंच.

ही फरशी निकाया परिषदेच्या जवळपास शतकभर आधीची. येशू देव कसा, पित्याच्या बरोबरीचा की खालचा, यावर बिशपांची भांडणं व्हायची होती. अकेप्टूसनं मेज देऊन टाकलं होतं.

भाकरीवर नेमकं काय म्हणायचं? एका पोथीमुळे या प्रश्नाची सोपी उत्तरं अडचणीत आली. इ.स. 1056मध्ये नकललेली ही पोथी 1873मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात फिलोथिओस ब्रायेनिऑस या विद्वानाच्या हाती लागली. तिच्यातली ‘डिडाखे’ ही मंडळीची जुनी नियमावली 1883मध्ये त्यानं छापली. तिच्यातल्या उपकारस्तुतीत प्याला आधी, भाकर नंतर. शेवटच्या रात्रीचा उल्लेख नाही, क्रुसाचा नाही, ‘हे माझं शरीर’ नाही. डोंगरांवर विखुरलेले दाणे एका भाकरीत आले तशी तुझी मंडळी जगाच्या टोकांपासून गोळा होवो, एवढी मागणी आहे. संदेष्ट्यांना हवी तितकी उपकारस्तुती करू द्या, अशी सूचनाही. आणि ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्यानं समेट होईपर्यंत यायचं नाही.

पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेत अद्दै आणि मारी यांच्या नावाची एक प्राचीन प्रार्थना आहे. तिच्या जुन्या पाठातही ‘हे माझं शरीर’ हे शब्द नाहीत. पश्चिमेच्या शास्त्राप्रमाणे त्या शब्दांशिवाय काही घडतच नाही; मग इतकी शतकं ही माणसं काय खात होती? 2001मध्ये व्हॅटिकननं ही प्रार्थना ग्राह्य मानली. ख्रिस्ताचे शब्द तिच्यात एका जागी नाहीत, सगळीभर मुरलेले आहेत, असा त्यांचा खुलासा. खुलासा चांगला आहे, फक्त उशिरा सुचला.

या प्रार्थनेला आपल्याकडचा पत्ताही आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी लिहून गेला, की ‘कल्लिआना’त पर्शियाहून नेमलेला बिशप असतो. हे ठाण्याजवळचं कल्याण असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर उल्हास नदीकाठी तेव्हा सिरियाकमध्ये उपकारस्तुती होत असणार. 1988मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेचा धर्मप्रांत कल्याणच्या नावानं स्थापन झाला, आणि अद्दै-मारीची प्रार्थना (मधल्या काळात ते शब्द घातलेली) तिथे परतली. लोकलमध्ये चेंगरून जाणाऱ्या गर्दीत हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

निकाया, इ.स. 325. ख्रिस्त पित्याशी एकतत्त्व आहे, हा निर्णय सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच परिषदेचा अठरावा नियम सहसा कुणी वाचत नाही. काही ठिकाणी डीकन धर्मगुरूंना प्रभुभोजन देतात, बिशपांच्या आधी स्वतःही घेतात, असं कानावर आलं आहे. हे बंद व्हावं, डीकनांनी पायरी ओळखून नंतर घ्यावं. आधी कोण खातो, या प्रश्नावर पौल भडकला होता. पावणेतीनशे वर्षांनी त्याच प्रश्नाचं उत्तर नियम म्हणून लिहिलं गेलं.

चौथ्या शतकात उपासनेला जमायची घरं मागे पडली, राजाश्रयाची मोठी सभागृहं आली. लोक हजारोंनी आले. भीतीही आली, नव्या प्रकारची. यरुशलेमच्या नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना सिरिलच्या (किंवा त्याच्या वारसाच्या) व्याख्यानात शिकवलं जातं: डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धर, तळवा खोलगट कर, आमेन म्हण, डोळ्यांना लावून पवित्र कर, मग खा. कण सांडू देऊ नकोस. कुणी सोन्याचे कण हातावर दिले असते तर किती जपले असतेस? प्याल्यानंतर ओठांवरचा ओलावा बोटानं टिपून कपाळाला, डोळ्यांना लाव. प्रसाद डोळ्यांना लावणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे ही व्याख्यानं आपल्याला युरोपीय वाचकापेक्षा लवकर कळतात.

हिप्पोमध्ये बिशप ऑगस्टिन अशाच नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना वेगळं सांगतो. मेजावर काय आहे? तुम्ही आहात. उपासांनी दळले गेलात, बाप्तिस्म्याच्या पाण्यानं भिजलात, आत्म्याच्या विस्तवावर भाजलात, आता भाकर झालात. ख्रिस्ताचं शरीर असं तुम्हाला म्हटलं जातं आणि तुम्ही आमेन म्हणता. मग तो आमेन खरा ठरेल असे व्हा. मिलानमध्ये त्याचा गुरू अँब्रोझ सांगत होता, की ख्रिस्ताचे शब्द उच्चारताच भाकर पालटते. शिष्याला गुरूचं म्हणणं नाकारायचं नव्हतं. पण त्याची नजर भाकरीवरून खाणाऱ्याकडे सरकली आणि तिथेच राहिली.

अंत्युखियात प्रवचनकार जॉन क्रिसोस्टम. त्याच्या मंडळीच्या यादीवर तीन हजार विधवा आणि कुमारिका. चर्चमध्ये सोन्याचे प्याले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ख्रिस्त उपाशी असताना त्याचं मेज सोन्यानं भरून काय उपयोग? आत त्याला रेशीम पांघरता आणि बाहेर तो उघडा कुडकुडतो तेव्हा पाहत नाही. गरीब ही वेदी आहे, चर्चमधल्या दगडी वेदीपेक्षा थोर, आणि ती प्रत्येक गल्लीत उभी आहे. पॉलिकार्पची वेदी क्रिसोस्टमनं पुन्हा रस्त्यावर आणून मांडली. त्याच्या प्रवचनांना टाळ्या पडत, आणि टाळ्या वाजवू नका असं त्याला सांगावं लागे.

त्याची आणखी एक कुरकुर आहे, कमी गाजलेली. रोज अर्पण होतं, आम्ही वेदीपाशी उभे राहतो, आणि घ्यायला कुणीच येत नाही. लोक येत, पाहत, निघून जात. सोन्याच्या कणांइतकं जपायचं झालं, तर हात पुढे कोण करणार? इ.स. 506मध्ये गॉलमधल्या आग्द इथल्या परिषदेनं ठरवलं, की वर्षातून निदान तीनदा, नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्टला, घेतलंच पाहिजे. 1215मध्ये रोमला चौथी लॅटरन परिषद भरली. भाकर पालटते म्हणजे तिचं मूळ तत्त्व पालटतं, असं तिनं पहिल्याच नियमात सांगितलं. एकविसाव्या नियमात सांगितलं, की प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी, ईस्टरला, ती खावी.